साडेचार फुटांचा आडोसा

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'इंटरनेट' लिहिलेलं आहे, पण इंटरनेटसाठी आता कोणी पायरी चढत नाही. लोक येतात ते झेरॉक्सला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला, गृहिणींना सरकारी मदत देणाऱ्या गृह आधार योजनेचा अर्ज भरायला, पासपोर्टची तारीख घ्यायला. दिवसाला तीस-चाळीस आधार कार्डं माझ्या हाताखालून जातात. काही जण तर फोनच माझ्या हातात देतात आणि तो उघडायचा आकडा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगतात. ओटीपी आला की मीच वाचते, मीच भरते. तेवढ्यात फोनच्या वरच्या कडेला कुणाच्या मुलीचं लग्न मोडल्याचा मेसेज येतो, बँकेतली शिल्लक दिसते, रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट येऊन पडतो. मी नजर वळवते. पण कुणाची अब्रू माझ्या नजर वळवण्यावर अवलंबून असावी, हे मला मान्य नाही.

मागच्या एका निवडणुकीच्या तोंडावर, दुपारी शटर ओढायच्या बेतात असताना, ओळखीतले एक गृहस्थ आले. पक्षाचं काम करतात. माझ्या लग्नाला आलेले, पप्पांना भाई म्हणणारे.

"बाय, गृह आधारचे फॉर्म तुझ्याकडे किती बायकांनी भरले?"

"मोजले नाहीत."

"मोबाइल नंबर असतीलच. वाड्यावाड्याप्रमाणे यादी करून दे. कुणाचे पैसे अडकले असतील तर आम्ही सोडवतो."

मी म्हटलं, यादी नाही, आणि असती तरी दिली नसती. ते रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगे, सरकारकडे सगळं आहेच. तुझ्याकडून घेतलं तर काय बिघडलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी धड देता आलं नाही. 'बरोबर नाही ते' एवढंच म्हणून मी कुलूप लावलं. ते उत्तर आज लिहिते.

दुकान मी 2006 साली सायबर कॅफे म्हणून सुरू केलं. सहा संगणक, प्रत्येकाभोवती प्लायवूडच्या फळ्या, तासाला वीस रुपये. नवरा आखातात असलेल्या बायका यायच्या. मुलगा बोटीवर असलेले आईबाप ई-मेल लिहून घ्यायला यायचे. एक बाई दर शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यातला संगणक मागायची, हेडफोन लावायची आणि अर्धा तास रडत बोलायची. फळ्या उंच होत्या. तिचं रडणं तिचंच राहायचं.

2011 साली केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नको. फळ्या नसतील तर संगणकाचा पडदा बाहेरच्या बाजूला, मोकळ्या जागेकडे तोंड करून हवा. प्रत्येकाचं ओळखपत्र पाहा, नाव, पत्ता, वेळ वहीत लिहा, आणि कुणी कुठल्या साइट पाहिल्या त्याची नोंद वर्षभर सांभाळा. मी सुताराला बोलावून फळ्या कापून घेतल्या. कापलेल्या पट्ट्या अजून माळ्यावर पडून आहेत. साडेचार फुटांची फळी खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं झाकते, पण मागून जाणाऱ्याला पडदा वाचता येतो. ती बाई त्यानंतर दोन शुक्रवार आली. मग आली नाही.

स्मार्टफोन आल्यावर कॅफे तसाही चालला नसता, हे मी जाणते. पण त्या नियमाने मला काय करून ठेवलं ते विसरता येत नाही. नियम दिल्लीचा आणि राखण माझ्याकडून. एकदा एक माणूस आला आणि म्हणाला, माझी बायको इथे कुणाशी बोलते ते वहीत बघून सांग. मी वही मिटून कपाटात घातली. तो आरडाओरडा करून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. वही नसती तर तो आलाच नसता. मी ती भल्या कारणासाठी भरत होते, कायद्याला धरून भरत होते, पण भरलेली वही कपाटात आहे म्हटल्यावर ती मागणारा आलाच. वर्षाची मुदत संपली की मी त्या वह्या परसात नेऊन जाळायचे.

आमच्या घरी एक लग्नपत्रिका आहे. आजोबांच्या लग्नाची, 1952 सालची. पिवळी पडलेली, वर गणपती, खाली मराठीत निमंत्रण, आणि कोपऱ्यात पोर्तुगीज सेन्सॉरचा जांभळा शिक्का. सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडे पाठवून मंजूर करून घ्यावी लागे. अमुक तिथीला, अमुक देवळात, जेवायला यावे, एवढं सांगायलाही सरकारची परवानगी! लहानपणी मला तो शिक्का सजावटीचाच भाग वाटायचा. आजी म्हणायची, शिक्का यायला उशीर झाला म्हणून अर्ध्या गावाला तोंडी आमंत्रण करावं लागलं.

आपण 19 डिसेंबरला मुक्ती दिन साजरा करतो आणि सैन्याची आठवण काढतो, ते योग्यच आहे. मला मात्र 18 जून जास्त जवळचा वाटतो. 1946 साली राममनोहर लोहिया असोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. मडगावला भर पावसात सभा झाली. सरकारला न विचारता चार माणसांसमोर बोलता आलं पाहिजे, एवढीच त्या दिवसाची मागणी होती. लोहियांना तिथेच पकडलं. म्हणजे गोव्याच्या शेवटच्या लढ्याची पहिली ठिणगी जमिनीवरून, करावरून किंवा भाषेवरून पडलेली नाही. ती नागरी स्वातंत्र्यावरून पडली. आमच्या पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत होतं. मला ते पूर्ण पान असायला हवं होतं.

आणि रेडिओ. 1955 ते 1961 या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. ना परवाना, ना परवानगी. आजोबा सांगायचे, दार-खिडक्या लावून, आवाज बारीक करून ते ऐकायचे. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री मिळाली. मला फार आनंद झाला. पण त्याच देशात खासगी एफएम वाहिनीला आजही स्वतःची बातमी तयार करून सांगण्याची मुभा नाही. आणि 2021 च्या आयटी नियमांत सरकारने मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगितलं की एखादा निरोप सर्वांत आधी कुणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे. दोन माणसांतला निरोप दोघांनाच वाचता येईल असा कुलूपबंद असतो. पहिला पाठवणारा शोधायचा तर ते कुलूप सगळ्यांचंच कच्चं करावं लागतं. एका चोरासाठी गावातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून ठेवण्यासारखं आहे ते. आजोबांच्या बंद खिडकीला आज एन्क्रिप्शन म्हणतात, आणि ती बंद करायचा हक्क मला हवा आहे.

चोर असतात, हे मला कुणी सांगायला नको. फोनवरच्या खोट्या पोलिसांनी 'डिजिटल अटक' केली म्हणून भेदरलेला एक निवृत्त माणूस माझ्याच दुकानात आरटीजीएसचा फॉर्म भरायला आला होता. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, त्याच्या मुलाला फोन लावला. पोलिसांना तपास करता आला पाहिजे. एका माणसाबद्दल, एका कारणासाठी, लेखी आदेश घेऊन कुणी आलं तर मी जे असेल ते काढून देईन. पण सगळ्यांची यादी आधी करून ठेवायची आणि गुन्हा नंतर शोधायचा, याला मी तपास म्हणत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची ती याचिका. सरकारने न्यायालयात नेमकं उलटं मांडलं होतं. पुढच्या वर्षी, 26 सप्टेंबरला आधारचा निकाल आला. चार विरुद्ध एक. खासगी कंपन्यांना आधार सक्तीने मागता येणार नाही, पण सरकारी योजनांसाठी ते राहील. मी त्या वेळी दुकानात निकालाची बातमी छापून लावली होती. सिम कार्डासाठी आधार द्यायची गरज नाही हे लोकांना कळावं म्हणून. लोकांनी वाचली आणि सिमसाठी आधारचीच झेरॉक्स मागितली. दुकानदार दुसरं काही घेत नाही म्हणाले. मग मीही काढून दिली. हक्क कागदावर मिळाला तरी रांगेत उभं राहिल्यावर तो वापरायचं बळ लागतं. रोज मजुरीवर जाणाऱ्याकडे ते कुठून येणार?

योजनांचं म्हणाल तर आमच्या भागातल्या काजूवाल्या बायकांकडे बघा. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख चोळून बी फोडली तरी वीस वर्षांत बोटांच्या टोकांवरच्या रेषा जातात. साठीच्या पुढची अशीच एक मावशी माझ्याकडे आली. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेत नव्हतं. "बाय, म्हजीं बोटां मशिनीक कळनात," म्हणाली. तिने दहाही बोटं माझ्यासमोर धरली. गुळगुळीत, चकाकणारी. बुबुळांवरून ओळख पटवता येते, ओटीपी घेता येतो, पर्याय कागदावर आहेत. पण फोन सुनेच्या नावावर आणि बुबुळांचं यंत्र त्या दुकानात नाही. तीन खेपा घालून आम्ही तिचं काम केलं. गावात सगळे तिला ओळखतात. तिच्या हातचे काजू ज्यांनी खाल्ले त्यांतल्याच कुणीतरी तिला 'आधी तुझी ओळख पटव' म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आता बाजाराबद्दल. माझी मतं ऐकून काही मित्र म्हणतात, नागरी हक्कांवर डाव्यांसारखं बोलतेस आणि पैशांची गोष्ट निघाली की मुक्त बाजार म्हणतेस, हे जुळत कसं? माझ्यासाठी ती एकच गोष्ट आहे, आणि मी ती पप्पांच्या ट्रकवर शिकले.

पप्पांचा खनिजाचा ट्रक होता. खाणीवरून बार्जच्या धक्क्यापर्यंत फेऱ्या. कर्ज काढून घेतलेला. लोक म्हणतात, खाणी म्हणजे भांडवलशाही, खुला बाजार, आणि बघा त्याने डिचोलीचं काय केलं. विहिरी आटल्या, शेतात लाल चिखल आला, हे सगळं खरं. पण तो खुला बाजार कधीच नव्हता. खाणी पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणहक्कांच्या. 1987 साली त्यांचे भाडेपट्टे झाले, आणि घराणी बहुतेक तीच राहिली. लिलाव नाही, स्पर्धा नाही. 12 जानेवारी 2015 रोजी केंद्राने अध्यादेश काढला की यापुढे खाणी लिलावानेच द्यायच्या. त्याच्या आदल्या दिवसांत पणजीत घाईघाईने नूतनीकरणाच्या सह्या झाल्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे 88 भाडेपट्टे रद्द केले. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हाच पप्पांचा ट्रक दारात उभा राहिला होता. सुरू झाल्यावर थोडा चालला, 2018 ला पुन्हा थांबला, आणि मग भंगारात गेला. दर ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बंद करतानाही विचारलं नाही.

ज्याची पणजीत ओळख त्याला खाण, बाकीच्यांना फेऱ्या. याला मी बाजार म्हणत नाही. बाजार म्हणजे आमचा बुधवारचा बाजार. कोणीही यावं, टोपली मांडावी, भाव सांगावा, गिऱ्हाईकाला पटला तर घ्यावं, नाही तर पुढे जावं. माझ्या आजूबाजूला फॉर्म भरून देणारी आणखी तीन दुकानं आहेत. मी जास्त पैसे घेतले तर लोक तिकडे जातात. जायलाच हवं. तसं त्यांना सरकारी खिडकीपासून जाता येत नाही, म्हणून त्या खिडकीवर जास्त बंधनं हवीत.

आणि खाणींचा हिशेब उजेडात यायला माहितीच्या हक्काचा उपयोग झाला, हे इथल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. गोव्याने हा कायदा 1997 साली केला, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षं आधी. मला त्याचा अभिमान आहे. म्हणूनच 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती हक्काच्या कायद्यात केलेला बदल मला खुपतो. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावं लागे. आता 'वैयक्तिक आहे' एवढ्यावर अधिकारी नाही म्हणू शकतो. आमच्या खासगीपणासाठी केलेला कायदा त्यांच्या टेबलावर आडोसा होऊन उभा राहिला. पडदा बाहेरच्या बाजूला हवा, हा नियम कॅफेला लावला होता ना? तो कचेऱ्यांना लावा.

संगणकाच्या बाबतीतही माझं म्हणणं हेच आहे, की यंत्र माझ्या घरात असेल तर ते आत काय करतं ते मला बघता आलं पाहिजे. दुकानातले सगळे संगणक डेबियन या मुक्त संगणकप्रणालीवर चालतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. हवं तसं चालवा, उघडून बघा, दुसऱ्याला द्या, सुधारून पुन्हा वाटा, अशी चार स्वातंत्र्यं त्यांनी सांगितली. काही जण याला धंद्याच्या विरोधातली गोष्ट समजतात. मी त्यावरच धंदा करते.

मला ते पटलं एका देवस्थानामुळे. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांची, यादी त्यांनी 1999 साली टाइप करून घेतली होती, एका कंपनीच्या मराठी फाँटमध्ये. तो प्रोग्राम संगणकाला एक छोटी किल्ली लावल्याशिवाय उघडायचा नाही. किल्ली हरवली, कंपनीने तो प्रोग्राम विकायचा बंद केला, आणि फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आलेली ती यादी उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. गावाचीच नावं, गावानेच पैसे देऊन लिहून घेतलेली, आणि गावाला वाचता येईनात! मी एक जुनी छापील प्रत घेऊन बसले, कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते वहीत उतरवलं आणि ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलणारा छोटा प्रोग्राम पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिला. एकवीस रात्री लागल्या. सगळ्यात जास्त छळलं ते 'ऱ्य'ने. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होऊन यायचं. त्यासाठी युनिकोडमध्ये वेगळं 'ऱ' आहे हे मला तेव्हा कळलं. शेवटी पूर्ण यादी नीट छापून आली, तेव्हा अध्यक्षांनी आपल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो प्रोग्राम मी कुणालाही देते.

तर त्या गृहस्थांना माझं उत्तर हे. सरकारकडे सगळं आहे, म्हणूनच माझ्याकडे नसलं पाहिजे. त्या बायका माझ्याकडे एका कामासाठी आल्या. 1500 रुपयांच्या अर्जासाठी दिलेला नंबर मतांसाठी वापरायला मी कोण? आणि आज तुमच्या पक्षाला दिला तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? 'अडकलेले पैसे सोडवतो' हेही मला टोचलं. पैसे तिच्या हक्काचे असतील तर सोडवणारे तुम्ही कोण, आणि तिने तुम्हाला नंबर दिल्यावरच ते का सुटावेत? तुम्ही वाईट माणूस नाही हे मला माहीत आहे. पप्पांच्या आजारपणात तुम्ही मध्यरात्री गाडी घेऊन आला होता. त्याचं ऋण मी विसरणार नाही, पण ते या बायकांच्या नंबरांनी फेडणार नाही.

त्या दिवसानंतर मी दुकानात एक बदल केला. स्कॅन ठेवायचा फोल्डर आता डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो. संगणक बंद केला की त्यातलं सगळं जातं. जुन्या मोठ्या झेरॉक्स मशीनच्या आत हार्ड डिस्क होती. ती सेकंडहँड घेतली तेव्हा आधीच्या मालकाच्या गिऱ्हाइकांचे कागद तिच्यात तसेच होते. ती डिस्क पुसून घेतली. आता कुणी यादी मागितली तर माझ्याकडे खरोखरच काही नसतं.

मे 2022 मध्ये आधारच्या प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडे तेवढे दिसतील असं झाकलेलं आधार द्या, आणि इंटरनेट कॅफेत उतरवलंत तर नंतर पुसून टाका. दोन दिवसांत ती मागे घेतली, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. मी ती माझ्या काउंटरवर चिकटवली होती. मागे घेतल्यावरही काढली नाही.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना एवढीच विनंती. फोनचा आकडा मोठ्याने सांगू नका, स्वतः दाबा. ओटीपी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर घरच्या माणसाला सोबत आणा. कुणी नसेल तर मी आहे. आधारचा मूळ कागद लागतो तिथेच द्या, बाकी ठिकाणी झाकलेलं चालतं का ते आधी विचारा. ते कसं उतरवायचं ते मी शिकवते, त्याचे पैसे घेत नाही. बुधवारी बाजाराची गर्दी असते, इतर दिवशी या. दुपारी दीड ते साडेतीन दुकान बंद असतं.